दुसरा आकडा

घरोघरी जाऊन जनावरं तपासायचं काम मी सुरू केलं, तेव्हा माझी अशी समजूत होती की आपण जनावरांना भेटायला चाललोय. ती पहिल्या आठवड्यातच गळून पडली. जनावर पलंगाखाली असतं. समोर असतात ती माणसं. ती सोफ्यावर बसतात, चहा विचारतात आणि बोलतात. कुत्र्याला खाज कधीपासून सुटली हे सांगताना सासूबाई कधीपासून राहायला आल्या तेही सांगतात, कारण त्यांच्या मते दोन्हींचा संबंध असतो. कधीकधी तो असतोही.

शहर मोठं, इमारती उंच, आणि प्रत्येक इमारतीच्या दारात एक वॉचमन. माझी भलीमोठी बॅग बघून तो मला कधी पार्लरवाली समजतो, कधी विमा विकणारी. डॉक्टर आहे म्हटलं की उठून उभा राहतो आणि विचारतो, "कोण आजारी आहे?" मी म्हणते, "बाराव्या मजल्यावरचा पोपट." मग तो परत बसतो.

या कामाचे माझे काही नियम आहेत. पहिला म्हणजे बेल वाजवायची नाही. बेल वाजली की मांजर नाहीसं होतं आणि मग मला परक्या माणसांच्या पलंगाखाली पालथं पडावं लागतं. या शहरातल्या लोकांनी व्यायामाची किती यंत्रं विकत घेतली आणि ती शेवटी कुठे ठेवली, हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल. म्हणून मी खालूनच फोन करते आणि सांगते, मांजर आधी बाथरूममध्ये कोंडा.

दुसरा नियम असा की माणसं तपासायची नाहीत. माणसं याला तयार नसतात. कुत्र्याचे दात बघून झाले की मालक म्हणतो, "जाता जाता माझी दाढ बघता का?" एका गृहस्थांनी तर विचारलंही नाही, सरळ जीभ बाहेर काढली. मी सगळ्यांना एकच सांगते: माझा परवाना चार पायांचा आहे. दोन पायांवर मी फक्त पंख असले तर बोलते.

वजनाची पद्धतही सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मांजर काट्यावर उभं राहत नाही. म्हणून बॅगेतून बाथरूमचा असतो तसा एक चपटा काटा काढायचा, मालकाला मांजर उचलून घेऊन त्यावर उभं करायचं आणि आकडा बघायचा. मग मांजर खाली सोडायचं, मालकाला एकट्यालाच परत उभं करायचं आणि दुसरा आकडा बघायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतं ते मांजर. दुसऱ्या आकड्याशी माझा काही संबंध नसतो. मालकांचा मात्र असतो. कोणी मला तोंड फिरवायला सांगतं, कोणी "हे जाड कपड्यांमुळे" म्हणतं. मी मान डोलावते, वजाबाकी करते आणि तो आकडा विसरून जाते.

तर एकदा एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण खणखणीत.

"मांजर तपासायचंय. वजन करता ना तुम्ही?"

"करते."

"मांजराला धरून माणसाला उभं करता ना?"

"हो."

"आणि मग नुसत्या माणसाला?"

"हो."

"मग या," त्या म्हणाल्या. मांजराला काय होतंय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही नंतरच विचारू म्हटलं.

चौथा मजला, लिफ्ट बंद. दार फोनवरच्या बाईंनीच, म्हणजे काकूंनी, उघडलं. बुटक्या, ठसठशीत, कमरेला नॅपकिन खोचलेला. पुढच्या खोलीत मेणकापड घातलेलं टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत कुंड्या आणि काचेच्या कपाटात एक लाकडी पेटी. टेबलापाशी काका उभे होते. उंच, ताठ, इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर घरात घालायचा एक लांब कोट, ज्याचे खिसे पिशवीएवढे खोल होते. काका निवृत्त सरकारी इन्स्पेक्टर होते. दुकानदारांची वजनं आणि काटे तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पाच मिनिटांत मला हे तीनदा कळलं.

मी माझा काटा जमिनीवर ठेवला, तर त्यांनी हात वर केला. "थांबा. याची तपासणी कधी झालीय?"

"काट्याची?"

"मग काय माझी?"

कपाटातली पेटी खाली आली. आत मखमलीच्या खणांत पितळी वजनं ओळीनं बसवलेली, पाच किलोपासून बोटाच्या पेराएवढ्या वजनापर्यंत. काका गुडघ्यांवर बसले. एकेक वजन त्यांनी काट्याच्या मधोमध ठेवलं, मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितलं. "दुकानदार कोपऱ्यात काटा मारतो," ते मला म्हणाले. मी दुकानदार नव्हते, तरी मला घाम फुटला. शेवटी ते उठले, हात झटकले आणि निकाल दिला, "काटा बरोबर आहे." खोटं कशाला बोलू, मला कॉलेजात पदक मिळालं तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मांजरीचं नाव मावशी. राखाडी रंग, लांब केस, आणि काका सोडून सगळ्या जगाशी उभं वैर. काकूंच्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा होत्या. नळ दुरुस्त करणाऱ्यानं तर त्या घरात पाऊल टाकणं सोडलं होतं. काकांच्या कडेवर मात्र ती लोण्यासारखी पसरायची. त्यातही तिचे नखरे होते. खिशात पेन जरी टोचलं तरी ती उडी मारून जायची. म्हणून तिला उचलण्याआधी काका चष्म्याचं घर, किल्ल्या, पेन असं सगळं खिशांतून काढून टेबलावर मांडायचे.

मावशीला कडेवर घेऊन काका काट्यावर चढले. दोघं मिळून त्र्याहत्तर. काकांनी मावशीला आतल्या खोलीत सोडलं, दार लावून घेतलं आणि एकटे येऊन उभे राहिले. मी वाकायच्या आत काकू वाकल्या होत्या.

"अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी शहात्तर होतात."

"तेव्हा बूट होते," काका म्हणाले.

"बूट आठ किलोचे होते?"

मावशी पाच किलोची भरली. मी ते सांगितलं, पण ऐकायला कोणी नव्हतं. काकूंनी कमरेवर हात ठेवले होते. "हे बघा, डॉक्टरांच्या समोर सांगते. दर महिन्याला या येतील. अडुसष्टच्या खाली गेलात तर मुकाट्यानं दवाखान्यात यायचं. हू की चू करायचं नाही."

काकांनी मान ताठ केली. "काटा सांगेल ते मान्य."

"मी फक्त मांजर बघते," मी म्हटलं.

"तुम्ही मांजरच बघा हो," काकू म्हणाल्या आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे त्यांचा आवाज एकदम उतरला. हे जेवत नाहीत, दोन घासांत पोट भरलं म्हणतात. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. यांचे मोठे भाऊ साध्या तपासणीला म्हणून दवाखान्यात चालत गेले ते घरी आलेच नाहीत, तेव्हापासून यांनी धसका घेतलाय. "माझ्याशी आयुष्यभर वाद घालतील," काकू म्हणाल्या, "पण काट्याशी घालणार नाहीत. त्यासाठी तुम्हाला बोलावलं. मांजरीसाठी तरी ते काट्यावर चढतील."

मला खरं तर राग आला. मी पशुवैद्य आहे आणि मला एका निरोगी मांजरीच्या आडून नवरा तोलायला बोलावलं होतं. पण चार मजले चढून आलेल्या माणसाला परत उतरायची घाई नसते. शिवाय चहा चांगला होता. दर महिन्याला यायचं मी कबूल केलं.

दुसऱ्या महिन्यात दोघं मिळून बहात्तर भरले. काका मावशीला आत सोडायला गेले. आले ते सावकाश, दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखे. काट्यावर चढले.

"अडुसष्ट!" काकू ओरडल्या. त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही आली.

मी वजाबाकी केली आणि माझं बिस्किट हातातच राहिलं. मावशी चार किलो भरत होती. महिन्याभरात एक किलो कमी. माणसाचा एक किलो सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. पाच किलोच्या मांजरीचा एक किलो जातो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं.

"चार?" काका म्हणाले. "छे. कसं शक्य आहे?"

"काटा तुम्हीच पास केलाय."

मी मावशीचं रक्त घ्यायचं म्हटलं. त्यांनी तिला धरलं, पण सुई टोचताना तोंड भिंतीकडे केलं आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिले. मला वाटलं, धीर देत असतील. आता वाटतं, माफी मागत असावेत. रक्ताचे रिपोर्ट स्वच्छ आले. मी सांगितलं, खाणं वाढवा. उकडलेलं चिकन, मासे, वरून ताकदीची पेस्ट, दिवसातून चारदा. मावशीनं माझं मनापासून ऐकलं. असा पेशंट मला त्याआधी मिळाला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात दोघं मिळून एकाहत्तर, काका एकटे अडुसष्ट. मावशी तीन किलो.

मी तिला चाचपलं. हाताला ती भरगच्च लागत होती. पण लांब केसांच्या मांजरीचं वजन हातानं सांगणं म्हणजे रजई बघून आत कोण झोपलंय ते सांगण्यासारखं आहे, आणि मी आकड्यांवर विश्वास ठेवणारी बाई. तिचं पोट मात्र केसांतूनही लपत नव्हतं. चांगलं गरगरीत झालं होतं. पोट वाढतंय आणि वजन घटतंय, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकवतात.

"एखादे वेळी काटाच बिघडला असेल," मी म्हटलं. खरं तर मला तसं व्हायला हवं होतं.

काकांनी झटकन माझ्याकडे बघितलं. हो म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी नवा काटा आणला असता, नव्यानं सुरुवात झाली असती, आणि त्यांना नवी युक्ती शोधायला महिनाभर मिळाला असता. ते कपाटाकडे वळले. मग म्हणाले, "थांबा," आणि पेटी काढली. पेटीतले काही खण रिकामे होते. "पुसायला काढलीत," असं म्हणून ते आत गेले आणि उरलेली वजनं घेऊन आले. परत गुडघ्यांवर बसले, परत चारही कोपरे. उठायला या वेळी त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात की काकूंनी परत विचारलं.

"बरोबर आहे म्हणाले," मी सांगितलं.

"मग बरंच आहे की," काकू म्हणाल्या. त्या बिचाऱ्या खुशीत होत्या. "मी उगाच घाबरत होते. पँट ढगळ दिसायला लागली म्हणून काळजी करत बसले. तर हे म्हणाले पट्ट्याचं चामडं सैल पडलं. परवाच एक भोक पाडून दिलं मी."

मी पट्ट्याकडे बघितलं नाही. तो माझ्या परवान्यात बसत नव्हता. मी मावशीच्या पोटाबद्दल बोलले. पोटात गाठ असावी अशी मला शंका आहे, माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, त्यांच्याकडे नेऊ. ही शुद्धीत असताना कोणाला हात लावू देणार नाही, तेव्हा भूल देऊन आधी सोनोग्राफी करू आणि तसंच काही दिसलं तर लगेच पोट उघडू.

"उघडू म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे उघडू."

पुढच्या आठवड्यात सकाळी मी भुलीचं इंजेक्शन आणि जाळीचं खोकं घेऊन गेले. खाली टॅक्सी थांबवून ठेवली होती. काकांचा चेहरा उतरलेला होता. मावशीसाठी असेल, असं मला वाटलं, आणि ते चुकीचंही नव्हतं. त्यांनी चष्म्याचं घर, किल्ल्या, पेन टेबलावर मांडलं, मावशीला उचललं आणि काट्यावर उभे राहिले. सत्तर. मग तिला घेऊन आत गेले. या वेळी त्यांना बराच वेळ लागला. आले, चढले. अडुसष्ट.

"दोन किलो," मी म्हटलं.

माझ्याच आवाजात मला काहीतरी खटकलं. दोन किलोचं मांजर म्हणजे पिल्लू. आत दाराआडून जी ओरडत होती ती पिल्लासारखी वाटत नव्हती. पण सर्जन वाट बघत होते, टॅक्सी वाट बघत होती, आणि मी बाटलीत सुई खुपसली.

"किती घेताय?" काकांनी विचारलं. ते अजून काट्यावरच उभे होते.

"दोन किलोचं."

"वजनावर ठरतं हे?"

"मग कशावर? जेवढं वजन तेवढी भूल."

"आणि वजन चुकलेलं असलं तर?"

"जास्त दिली तर उठणार नाही," मी म्हटलं. घाईत मी जरा फाडकन बोलते. "कमी पडली तर मध्येच जागी होईल. पोट उघडं असताना."

काकांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "सुई खाली ठेवा."

त्यांनी कोटाच्या उजव्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. रुमाल सोडला. दोन किलोचं पितळी वजन. डाव्या खिशातून एक किलोचं निघालं. मग आतल्या खिशातून अर्ध्या अर्ध्या किलोची दोन. चारही त्यांनी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं लावली. ओळ अगदी सरळ होती.

"आता बघा," ते म्हणाले.

या वेळी वाकायला काकू पुढे आल्या नाहीत. मीच वाकले. चौसष्ट.

सत्तरातून चौसष्ट गेले. मावशी सहा किलोची होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच की माझ्या सल्ल्यानं ती एका किलोनं लठ्ठ झाली होती.

"दोन्ही वेळा खिशात ठेवली असती तर मावशीचं वजन तरी बरोबर आलं असतं," मी म्हटलं. अशा वेळी माणूस काहीही बोलतो.

"खिशात काही असलं की ती राहत नाही," काका म्हणाले. "तिला टोचतं."

"पण किती घालायचं हे कळायचं कसं?"

"खाली धान्याचं दुकान आहे. गोणी तोलायचा काटा आहे त्याच्याकडे. रोज सकाळी जाऊन उभा राहायचो," ते म्हणाले. "पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो तो. ते मी धरत होतो."

मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते, आणि त्याच वेळी काकूंकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. काकू टेबलापाशी आल्या. त्यांनी दोन किलोचं वजन उचललं आणि तळहातावर धरलं, बाजारात फळ उचलून बघावं तसं.

"पट्ट्याला भोक मी पाडलं," त्या म्हणाल्या. "या हातांनी पाडलं. रात्री कुशीवर वळलात की बरगड्या टोचायच्या मला. तरी मी म्हटलं, नाही, काटा अडुसष्ट सांगतोय. यांनी स्वतः तपासलाय."

"अगं—"

"मी सव्वा महिना शांत झोपले. तुमच्या शेजारी."

"त्यासाठीच केलं," काका म्हणाले.

"आणि आज बोललात ते मांजरीसाठी. माझ्यासाठी नाही बोललात."

"तुझ्यासाठीच गप्प होतो," काका म्हणाले, आणि मग हा इतका ताठ माणूस काट्यावर उभ्या उभ्याच वाकला. एक हात पोटावर होता. तो पोटावर असा कितीदा तरी असायचा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तिथे मावशीच्या पोटाकडे बघायला जात होते.

मी सुई टोपणात घातली. माझा दुसरा नियम मी वर सांगितलाच आहे. तो मी तोपर्यंत कधीही मोडला नव्हता. "काका," मी म्हटलं, "जरा आडवे व्हा."

ते सोफ्यावर आडवे झाले. एकदाही वाद घातला नाही, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. मी गुडघ्यांवर बसले, शर्टाची दोन बटणं काढली आणि कुत्र्याचं बघते तसंच पोट बघितलं, कारण मला दुसऱ्या पद्धतीनं येत नाही. बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला, माझी बोटं थांबली. मी हात काढून घेतला आणि बटणं परत लावली. लावताना एक चुकीच्या काजात गेलं.

"खाली टॅक्सी उभी आहे," मी काकूंना म्हटलं. "मावशीसाठी आणली होती. ती घ्या आणि मोठ्या दवाखान्यात जा. उद्या नाही, आत्ता."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कमरेचा नॅपकिन काढून खुर्चीवर टाकला.

"काटा सांगेल ते मान्य," काका म्हणाले.

ते गेल्यावर मी घरात एकटी राहिले, म्हणजे मी आणि मावशी. सर्जनना फोन करून सांगितलं की पेशंट येत नाहीये. काय झालं विचारलं तर म्हटलं, तिचं वजन वाढलं. मग आतल्या खोलीचं दार उघडलं. मावशी डुलत बाहेर आली, सोफ्यावरची काकांची ऊबदार जागा हुंगली आणि तिथेच पसरली. मी हात लावू गेले तर बोचकारलं. टेबलावरची वजनं उचलून पेटीत ठेवायला गेले, तर कोणतं कुठल्या खणात जातं तेच कळेना.

काकांच्या पोटात गाठ होती. म्हणजे पोट आणि घटणारं वजन यावरून मी केलेलं निदान बरोबरच होतं, फक्त पेशंट चुकला होता. तिकडच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, जेवढं काढायचं तेवढं काढलं आणि म्हणाले, अजून थोडे महिने गेले असते तर हात टेकावे लागले असते. आत्ताही ते खात्रीनं काहीच सांगत नव्हते. वजन वाढायला लागलं तर चांगली खूण, एवढंच म्हणाले.

काका घरी आले तेव्हा छप्पन्न किलो होते. मला काकूंचा फोन आला, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. "मांजर तपासायचंय."

"मोठ्या दवाखान्यात असतो की काटा," मी म्हटलं.

"तिथला यांना पसंत नाही. कोपऱ्यात मारतो म्हणतात. तुम्ही या."

तेव्हापासून मी परत दर महिन्याला जाते. मावशीचं खाणं मी अर्ध्यावर आणलंय आणि तिनं मला शत्रूंच्या यादीत सगळ्यात वर नेऊन बसवलंय. पहिल्या आकड्यानंतर तिला आत सोडायला काका जात नाहीत. काकू स्वतः तिला घेऊन जातात आणि बोचकारून घेतात. मग काकांची झडती होते. कोट काढायचा, शर्टाचा खिसा, पँटचे खिसे, सगळे उलटे करून बाहेर काढायचे. आयुष्यभर दुकानदारांच्या झडत्या घेतलेला माणूस दोन्ही खिशांची अस्तरं लोंबकळत ठेवून, दोन्ही हात वर करून उभा राहतो आणि "मोजेही बघ," असं म्हणतो. काकू मोजेही बघतात.

पहिल्या महिन्यात छप्पन्नच होते. दुसऱ्यातही छप्पन्न. काकू आकडा वाचायच्या, चहा टाकायला जायच्या आणि मी मावशीच्या पथ्याबद्दल बडबड करत बसायचे. तिसऱ्या महिन्यात काका मावशीला घेऊन उभे राहिले, पहिला आकडा झाला, झडती झाली, आणि ते एकटे काट्यावर चढले. काकू वाकल्या.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काकांना खाली उतरवलं, खिसे परत चाचपले, मोजे काढायला लावले आणि अनवाणी उभं केलं. परत वाकल्या. परत अठ्ठावन्न. त्या माझ्याकडे वळल्या. "काटा?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले.

काकू जमिनीवर काट्यापाशीच बसल्या आणि नॅपकिन तोंडाला लावून रडल्या. काका काट्यावरून उतरायला विसरले. आत मावशी दार खरवडत होती. तिचं किती आलं हे कोणी विचारलं नाही, आणि त्या दिवशी मीही वजाबाकी केली नाही.